परसातल्या दोन खोल्या: आज पाहुण्यांना, उद्या कोणाला?

मळ्यात किंवा राहत्या घरामागं पाहुण्यांसाठी दोन खोल्या बांधायच्या ठरल्या की घरातल्या प्रत्येकाच्या डोळ्यांसमोर वेगळा पाहुणा असतो. आईला दिवाळीत येणारे लेक-जावई दिसतात. वडिलांना गुडघे गेल्यावर जिना न चढता राहायची सोय दिसते. पोराला शनिवार-रविवार पुण्याहून येणारं गिऱ्हाईक दिसतं. शिवाय बेण्याच्या हळदीला जागा हवी, गावातल्या शाळेवर बदलून आलेल्या मास्तरांना भाड्यानं द्यायचं, हे असतंच. यातलं नेमकं काय होणार हे आज कुणी सांगू शकत नाही.

म्हणून नकाशा काढताना ‘कशासाठी’ हा प्रश्न बाजूला ठेवा आणि ‘नंतर बदलायला काय फोडावं लागेल’ हे विचारा. पाया, जोत्याची उंची, सांडपाण्याचा उतार, दार-खिडक्यांच्या जागा आणि फाटकापासून दारापर्यंतची वाट या पाच गोष्टी एकदा झाल्या की झाल्या. पैसा आणि डोकं याच पाच गोष्टींवर घाला. फरशीचा रंग, ओटा, कपाटं, मधली भिंत, एसी हे केव्हाही होतं. बहुतेक ठिकाणी नेमकं उलट होतं: फरशी निवडायला तीन रविवार जातात आणि सेप्टिक टाकीची जागा जेसीबीवाला ठरवतो.

सांगाडा

बाहेरून १५ × ३० फूट, म्हणजे ४५० चौरस फूट, हे माप बऱ्याच वापरांना पुरतं. अर्ध्या गुंठ्यापेक्षा कमी जागा जाते. पुढं ६ फुटांची ओसरी वेगळी. बाहेरच्या भिंती ९ इंची धरल्या तर आत साडेतेरा × साडेअठ्ठावीस फूट मिळतात.

पश्चिमेच्या टोकाला ६ फुटांची पट्टी पाण्याच्या कामाला द्या. तिच्यात मागच्या बाजूला ६ × ८ फुटांचं न्हाणीघर-संडास आणि ओसरीच्या बाजूला साधारण ६ × ५ फुटांची मोरी. दुपारचं ऊन या पट्टीवर पडतं, राहत्या खोल्या त्यामानानं थंड राहतात. उरलेली २२ फूट लांबी एकसंध ठेवायची. पुढंमागं तिचे दोन भाग पडले तर पट्टीलगत साडेनऊ फुटांची खोली आणि पूर्वेला १२ फुटांची.

बांधकाम कॉलम-बीमचं करा. आठ कॉलम पुरतात, लांबीत ७, १० आणि १३ फुटांच्या अंतरानं. त्यामुळं एक आडवा बीम पट्टीच्या भिंतीवर येतो आणि दुसरा बरोबर तिथं, जिथं उद्या मधली भिंत येईल. भिंत बीमखाली बसली की वरची फट बुजवायचा प्रश्न राहत नाही. भारवाही भिंतींचं घर स्वस्त पडतं हे खरं, पण त्यात आतली भिंत काढायची म्हटली की इंजिनिअर मान हलवतो.

मोरीला तीन दारं ठेवा: एक ओसरीत, एक आतल्या खोलीत, एक न्हाणीघरात. ही या नकाशातली किल्ली आहे. दोन खोल्यांत दोन वेगळी माणसं राहिली तरी कुणाच्याही पलंगाशेजारून न जाता ओसरीतून न्हाणीघर गाठता येतं. एकच कुटुंब राहायला आलं तर मोरीचं स्वयंपाकघर होतं, पश्चिमेच्या भिंतीला ५ फूट ओटा बसतो. पण मग ओट्याशेजारी संडासाचं दार कुणालाच नको असतं. त्यासाठी न्हाणीघर आणि खोली यांच्यामधल्या भिंतीत आजच सव्वातीन फुटांचं दार धरून वर लिंटेल (भार पेलणारा काँक्रीटचा आडवा पट्टा) टाका आणि ती जागा एक भाग सिमेंट, आठ भाग वाळू अशा कच्च्या मालात विटा रचून बुजवा. कडेच्या पक्क्या भिंतीत तिचे दात अडकवू नका, सरळ उभा सांधा ठेवा. गरज पडली की गवंडी अर्ध्या दिवसात ते उघडतो आणि मोरीकडचं दार बुजवतो.

दोन्ही खोल्यांना ओसरीत स्वतंत्र दार आणि मागच्या बाजूला स्वतंत्र खिडकी हवी. खिडकी मधोमध घेतली की दिसायला छान, पण पुढं भिंत नेमकी तिच्यावर येते. बीमच्या रेषेच्या दोन्ही बाजूंना किमान १ फूट भरीव भिंत ठेवून मगच खिडकी सुरू करा.

नकाशा कागदावर पटला की खोदाईआधी जागेवर चुन्याच्या फक्कीनं रेषा मारा, पूर्ण मापात. आत बाज टाका, दोन खुर्च्या ठेवा, न्हाणीघराच्या चौकोनात दोघांनी उभं राहून एकानं दुसऱ्याला धरून वळवून बघा. हेच चार वेगवेगळ्या वापरांसाठी करा: म्हातारं माणूस, भाडेकरू जोडपं, पाहुण्यांचा गोतावळा, पोती. ज्या रेषा चारही वेळा जागच्या हलत नाहीत त्या पक्क्या भिंती.

पाया: काळीशी भांडू नका

मिरज, वाळवा, पलूस या कृष्णाकाठच्या पट्ट्यात काळी माती कित्येक फूट खोल असते. ती पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात आक्रसून हात जाईल एवढ्या भेगा पाडते. हलक्या, एकमजली इमारतीला तिचा त्रास जास्त, कारण वजनच कमी असल्यानं माती तिला सहज उचलते. ‘एवढ्याशा खोल्यांना कशाला खोल पाया’ हे वाक्य काळ्या रानात ऐकू नका.

मुरूम ४-५ फुटांवर लागत असेल तर खड्डे तिथपर्यंत न्या आणि फूटिंग (कॉलमचा रुंद तळ) मुरमातच टेकवा. त्याहून खूप खोल असेल तर अंडर-रीम पाइल हा मार्ग आहे: किमान साडेतीन मीटर खोल, खाली फुगवटा असलेले काँक्रीटचे खांब. दोन्ही प्रकारांत जोत्याच्या बीमखाली तीनेक इंच पोकळी ठेवतात, म्हणजे माती फुगली तरी बीमला धक्का देत नाही.

सगळ्यात जास्त भेगा पडतात त्या ओसरीच्या सांध्यावर. खोल्यांचा पाया ५ फूट आणि ओसरीचे खांब दीड फुटावर, असं केलं की दोन पावसाळ्यांत ओसरी वर उचलते आणि भिंतीपासून सुटते. मग दर वर्षी पुट्टी भरत बसावं लागतं. ओसरीच्या खांबांना तेवढीच खोली द्या किंवा ओसरी मुख्य बीममधूनच पुढं काढा.

दुसरी चूक जोत्याच्या भरावाची. पायातून निघालेली काळी मातीच आत ढकलली की गवंड्याचं काम सोपं होतं, आणि फरशी पहिल्या पावसाळ्यानंतर मध्यभागी बसते किंवा फुगते. भराव मुरमाचाच, ६ ते ९ इंचांचे थर, प्रत्येक थराला पाणी आणि धुमस. इथं वापर बदलण्याचा मुद्दा थेट येतो: ५० किलोची पोती आठ-आठच्या थप्प्यांनी लावली तर प्रत्येक थप्पी ४०० किलोची होते, आणि पलंग-कपाटाला जी फरशी चालली ती पोत्यांखाली बसते. भरावावर जाड प्लास्टिकचा कागद, त्यावर ४ इंच काँक्रीट. कागदामुळं ओल वर चढत नाही. धान्याला ते हवंच, माणसालाही हवं. घराभोवती ३ फूट रुंद कोबा बाहेरच्या उतारानं करा म्हणजे पागोळीचं पाणी पायात मुरत नाही.

सातारच्या पश्चिमेला, पाटण-जावळीत, अडचण वेगळी आहे. जमीन मुरमाड, खडकाळ, पण उताराची. आणि ११ डिसेंबर १९६७ चा कोयनेचा भूकंप त्याच भागातला. जोत्याला, दार-खिडक्यांच्या डोक्यावर आणि छताला असे काँक्रीटचे सलग पट्टे चारही भिंतींना फिरवा. डोक्यावरचा पट्टा ७ फुटांवर सलग असला की त्याचा आणखी एक फायदा: त्याखाली कुठंही नवी खिडकी किंवा दार काढता येतं, नवं लिंटेल घालावं लागत नाही. लवचिक घराला याहून स्वस्त विमा नाही.

वर मजला चढवायची शक्यता असेल तर पाया आणि कॉलम आजच दोन मजल्यांचे करा. नंतर जाड करणं अवघड आणि खर्चाचं असतं. सळ्या मात्र वर उघड्या सोडू नका. पाच-सात वर्षांत त्या गंजून बारीक होतात आणि सांध्यातून पाणी स्लॅबमध्ये उतरतं. सिमेंटचं पाणी मारून त्या कच्च्या काँक्रीटमध्ये झाकून ठेवा.

जोतं उंच की दार सोपं?

हा झगडा खरा आहे. पाण्यासाठी जोतं उंच हवं, म्हाताऱ्या माणसासाठी बुटकं. चाकाच्या खुर्चीसाठी उतार एकास बारा लागतो: जोतं दीड फूट तर रॅम्प १८ फूट, दोन फूट तर २४ फूट, शिवाय वर-खाली ५-५ फुटांची सपाट जागा. यापेक्षा तीव्र रॅम्पवरून खुर्ची ढकलताना माणूस दमतो आणि उतरताना ती हातातून सुटते. दुचाकी चढवायच्या रॅम्पला माणसाचा रॅम्प म्हणू नका.

रॅम्प आज बांधायलाच हवा असं नाही, जागा ठेवायला हवी. ओसरीच्या लांबीलगत ४ फुटांची पट्टी मोकळी सोडा. तिथं चेंबर, नळाचा कट्टा, तुळशीवृंदावन काही आणू नका. ओसरीच्या कठड्यात त्या टोकाला ४ फुटांचं खिंडार ठेवा, आज तिथं कुंड्या ठेवल्या तरी चालेल. ओसरी आणि खोली एकाच पातळीत, दारात उंबरा हवाच असेल तर अर्ध्या इंचाचा, कडा उतरत्या केलेला.

जमीन उताराची असेल तर वाट वरच्या अंगानं आणा, रॅम्पची लांबी आपोआप कमी होते. फक्त वरून येणारं पाणी अडवायला भिंतीपासून ५-६ फुटांवर आडवा चर काढा.

सांगलीत नदीजवळची जागा असेल तर आधी सरकारी नकाशावरच्या पूररेषा बघा: नदीजवळची निळी, तिच्या बाहेरची लाल. निळ्या रेषेच्या आत बांधायचा विचार सोडा. लाल आणि निळीच्या मध्ये असाल तर परवानगीच्या अटी आधी समजून घ्या. २००५, २०१९ आणि २०२१ चं पाणी शेजाऱ्याच्या भिंतीवर कुठवर होतं ते विचारा, बहुतेक जण बोट ठेवून दाखवतात. त्या खुणेपर्यंत जोतं नेणं परवडत नसेल तर पाणी आत येणार हे धरूनच बांधा: आत प्लायवूड आणि पीओपी नको, खालचे ४ फूट सिमेंट गिलावा किंवा टाइल, विजेची पेटी छातीच्या वर, आणि सांडपाण्याच्या शेवटच्या चेंबरला उलटं पाणी अडवणारा व्हॉल्व्ह. पुराचं पाणी दारातून येण्याआधी संडासातून येतं, हे लोक विसरतात.

न्हाणीघर

दाराची चौकट अशी घ्या की आरपार किमान ३२ इंच मोकळे मिळतील. म्हणजे चौकट ३ फुटांची. बाजारात न्हाणीघरासाठी अडीच फुटी तयार दारं मिळतात, ती घेतली की चाकाची खुर्ची आत जायचा विषयच संपला. दार बाहेर उघडणारं हवं. आत माणूस पडलं तर आत उघडणारं दार त्याच्याच अंगावर अडतं. आत ५ फुटांचं वर्तुळ फिरेल एवढी मोकळी जागा ठेवा. कमोड कोपऱ्यात, एका बाजूला भिंत, म्हणजे दांडीला आधार मिळतो.

आधाराच्या दांड्या आज नको वाटल्या तर नका बसवू, पण त्या जिथं येतील त्या भिंती पक्क्या विटेच्याच करा. पोकळ ब्लॉक किंवा हलक्या एएसी ब्लॉकमध्ये साध्या फास्टनरवर बसवलेली दांडी माणसाच्या वजनानं उपटून येते. २८ ते ३४ इंच उंचीच्या पट्ट्यातून पाण्याचा पाइप किंवा वायर नेऊ नका. कमोडची बैठक १७ ते १९ इंच. फरशी खोलीपेक्षा फार तर अर्धा इंच खाली; तळमजल्यावर एक फूट खोलगट न्हाणीघर करून त्यात भराव घालायची काही गरज नसते, गळती तिथंच सुरू होते.

पाणी आत, पाणी बाहेर

कमोड, बेसिन, शॉवर, मोरी, ओट्याचं सिंक या सगळ्यांचे पाइप पश्चिमेच्या एकाच बाहेरच्या भिंतीवर न्या, उघडे, क्लॅम्पवर. भिंतीत गाडलेला पाइप गळला की टाइल फोडावी लागते, बाहेरचा गळला की एक पाना पुरतो. ऊन लागून हे पाइप ठिसूळ होतात, म्हणून पाण्यात मिसळणारा रंग मारा. थिनरचा रंग सीपीव्हीसीला (गरम पाण्याच्या प्लास्टिक पाइपला) खातो.

मोरीत आजच स्वयंपाकघराची तयारी करून ठेवा: गार आणि गरम पाण्याचा एकेक पॉइंट, सिंकचा दीड इंची निचरा, वॉशिंग मशीनसाठी वेगळी जाळी. सगळ्यांना टोपण लावून. टोपण लावण्याआधी पाइपात दाब भरून रात्रभर ठेवा. हे टाळलं तर पाच वर्षांनी ओटा बसवताना कळतं की एल्बो चिकटवलाच नव्हता.

मैल्याच्या ४ इंची पाइपला एकास चाळीसचा उतार. टाकी ४० फुटांवर असेल तर पाइप तिथं पोचेपर्यंत १ फूट खाली जातो. टाकीची पातळी यावरून ठरवा, आधी टाकी खोदून मग पाइप जुळवत बसू नका. प्रत्येक वळणावर चेंबर, आणि एकही चेंबर ओसरीत किंवा रॅम्पच्या पट्टीत नको.

टाकी दोन माणसांची करू नका. पाच माणसांच्या टाकीपेक्षा दहा माणसांच्या टाकीला खड्डा मोठा लागतो, पण भाडेकरू किंवा पर्यटक आले की तोच कामी येतो. दहा जणांसाठी आतून साडेसहा × तीन फूट, पाण्याची खोली साडेचार फुटांच्या वर आणि त्यावर १ फूट मोकळी, दोन वर्षांतून एकदा उपसा. गाडीची नळी तिथवर पोचली पाहिजे, हेही बघा. शोषखड्डा विहीर-बोअरपासून ६० फूट लांब. काळ्या मातीत शोषखड्डा पावसाळ्यात भरून वर येतो, कारण ती फुगली की पाणी पितच नाही. तिथं उथळ, लांब चर खडी भरून काढा आणि वर कर्दळ लावा. भिंतीपासून २० फूट लांब, नाहीतर तेच पाणी पाया फुगवतं.

वीज

मोठ्या घरातून येणारी केबल आर्मर्ड (लोखंडी तारांचं कवच असलेली), तांब्याची ६ चौरस मिलिमीटर, अडीच फूट खोल चरात, २ इंची पाइपातून. १०० फुटांपर्यंत एसी, गिझर आणि इंडक्शन आलटून-पालटून चालवायला ती पुरते. त्याच चरात दुसरा रिकामा पाइप आत दोरी ओवून टाका. इंटरनेट, कॅमेरा, उद्याचं सोलर त्यातून जाईल. सबमीटर पहिल्या दिवसापासून लावा, भाडेकरूशी बिलावरून होणारी कटकट टळते. आत बीमच्या दोन्ही बाजूंना पंख्याचे हूक आणि बत्तीचं सर्किट वेगवेगळं: दिव्याला दीड, प्लगला अडीच, एसी-गिझरला ४ चौरस मिलिमीटर वायर. ३० मिलिअँपिअरचा आरसीसीबी (शॉक बसताच वीज तोडणारा स्विच) आणि स्वतंत्र अर्थिंग. बटणं साडेतीन फुटांवर, प्लग दीड फुटावर, म्हणजे वाकावं लागत नाही.

छत आणि मधली भिंत

माण, खटाव, आटपाडी, जतकडे ऊन हा शत्रू: सपाट स्लॅब, वर पांढरं चायना मोझॅक (फुटक्या टाइलच्या तुकड्यांचा थर). महाबळेश्वर-पाचगणीकडे पाऊस: उतरतं छत, ३ फूट पुढं आलेली वळचण, आणि ओसरी दक्षिण-पश्चिमेला अजिबात नको, नाहीतर चार महिने झड सरळ दारात.

फरशी २२ फूट सलग टाका, भिंत नंतर तिच्यावर उभी करा. भिंत आधी आणि फरशी नंतर केली तर भिंत काढल्यावर मधोमध ५ इंचांचा पट्टा कायमचा दिसतो. त्याच लॉटच्या दोन पेट्या फरशी जास्त घेऊन माळ्यावर ठेवा. तीन वर्षांनी तोच रंग मिळत नाही. मधली भिंत पत्र्याच्या चौकटीवर सिमेंट बोर्डची, आत रॉकवूल (आवाज अडवणारी दगडी लोकर) भरून. नुसत्या बोर्डातून पलीकडचा खोकला ऐकू येतो. वर्षभर तरी भिंत घालूच नका. पाठीला पाठ लावून दोन कपाटं उभी करा आणि खोल्या कशा वापरल्या जातात ते बघा. बऱ्याचदा भिंत लागतच नाही.

कागद

शेतजमीन असेल तर बांधण्याआधी अकृषक परवानगीचं काय ते महसूल खात्यात आणि ग्रामपंचायतीत विचारा. ‘पाहुण्यांची खोली’ म्हणून घेतलेली परवानगी भाड्यानं देताना किंवा पर्यटकांना ठेवताना पुरेलच असं नाही. महाबळेश्वर-पाचगणी परिसर २००१ पासून पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्र आहे, तिथल्या अटी वेगळ्या. भाडेकरू ठेवलात तर लिव्ह अँड लायसन्सचा करार अकरा महिन्यांचा असला तरी नोंदवावाच लागतो. आणि वाट: परक्या माणसाला तुमच्या स्वयंपाकघरासमोरून जावं लागणार असेल तर ती खोली कधीच भाड्यानं जात नाही, म्हणून फाटकापासून ४ फुटांची स्वतंत्र पायवाट आजच आखा.

गिलावा करण्याच्या आदल्या दिवशी प्रत्येक भिंतीला टेप उभी-आडवी लावून फोटो काढा: पाइप, वायर, बुजवलेलं दार, सगळं मापासकट दिसेल असं. पायाचे आणि सांडपाण्याच्या चराचेही फोटो बुजवण्याआधी. एक छापील संच विजेच्या पेटीच्या झाकणामागं प्लास्टिकच्या पिशवीत चिकटवा. फोनमधले फोटो फोनबरोबर जातात, आणि दहा वर्षांनी भिंतीला ड्रिल लावणारा गडी तुम्हाला फोन करून विचारणार नाही.